आप्पांच्या तीन खेपा

आमचे आप्पा नोकरीतून निवृत्त झाले, पण त्यांचा लाल पेन काही झाला नाही. घरी लग्नाची पत्रिका आली की ते आधी पाकीट उलटं करून पत्ता वाचायचे. पिनकोड नसला तर घालायचे, तालुका चुकला असला तर रेघ मारून सुधारायचे, आणि मगच आत कुणाचं लग्न आहे ते पाहायचे. पत्रिका घरी पोचली आहे, आता सुधारून काय उपयोग, असं मी एकदा म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "पोचली म्हंजी तिचं नशीब. चूक ती चूकच हाय."

रुद्रप्पा त्यांचं नाव. सदतीस वर्षं टपालात गेली, आणि त्यातली बरीचशी सायकलवर. गेवराई, आसपासची खेडी, शेवटची काही वर्षं तलवाड्याकडच्या वाड्यावस्त्या. आमच्या घरात सगळे दुकानदार. चुलते किराण्याचे, मामा भांड्यांचे. गादीवर बसायचं सोडून उन्हातान्हात पत्रं वाटत फिरणारा हा एकटाच, म्हणून नातेवाईक त्यांना जरा वेडाच समजत.

त्यांचा एक ठरलेला नियम होता. माणूस पत्त्यावर भेटला नाही तर तीन खेपा घालायच्या. सात दिवस पत्र ठेवायचं, मग लाल पेनाने कारण लिहून परत पाठवायचं. दोन खेपांत दमतो तो कामचुकार आणि चौथी घालतो तो बिनडोक, हे त्यांचं मत. असा नियम पाळणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी आयुष्यभर प्रयत्न करून पाहिला आहे.

मी त्यांची मुलगी, शिवांजली. लग्न होऊन लातूरला गेले होते, दोन वर्षांत परत आले. ती गोष्ट इथे नको. परत आल्यावर चुलत्यांच्या दुकानावरच्या माडीत मी कॉम्प्युटरचा क्लास काढला. क्लासला पोरं येत आणि सर्टिफिकेट घेऊन जात, पुढे कुणाचं काही होत नसे. मग २००२ च्या उन्हाळ्यात पुण्याचे मोहनराव आमच्याकडे आले. परदेशातल्या प्रकाशकांची जाडजूड पुस्तकं कॉम्प्युटरला समजतील अशी करून देणं हा त्यांचा धंदा. पुण्यात माणसं महाग पडतात, म्हणून तालुक्याच्या गावात काम करून मिळेल का, असं विचारत ते हिंडत होते. मी हो म्हणाले. खरं तर ते काम काय असतं हे तेव्हा मला धड माहीत नव्हतं.

काम होतं जनावरांच्या रोगांचा एक मोठा इंग्रजी कोश. त्यातल्या प्रत्येक गोष्टीच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात तिचं नाव लिहायचं. इथून शीर्षक सुरू झालं, इथे संपलं. इथून औषध सुरू झालं, इथे संपलं. कंसातल्या या नावाला टॅग म्हणतात. मी चार मुली कामाला घेतल्या आणि त्यांतली सगळ्यात पक्की निघाली ती बबिता.

बबिताचे वडील सुग्रीव मेंढपाळ. तलवाड्याच्या शिवारात त्यांची वस्ती, पण वस्तीत मुक्काम फक्त पावसाळ्याचा. दिवाळी झाली की सगळं घर मेंढ्या घेऊन निघायचं ते जूनमध्ये परत यायचं. बबिता हॉस्टेलवर राहून बारावी झाली, चांगल्या मार्कांनी. आता गेवराईत मावशी रतनबाईकडे राहून आमच्याकडे यायची. सुग्रीवांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर काम पक्कं झालं तर तिने इथे राहायचं, नाहीतर मेंढ्यांबरोबर चालायचं आणि ठरवतील तिथे लग्न करायचं. हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. रडगाणं नव्हतं त्यात, सुट्टीचे वार सांगावेत तसं.

तिला मेंढ्यांचे रोग तोंडपाठ. कोशात काही अडलं तर इंग्रजी न समजताही चित्र बघून सांगायची, "ताई, हे खुरांचं हाय, हे पोटातल्या किड्यांचं." पुण्याच्या पदवीधरांना ते कळत नव्हतं.

आप्पा पहिले काही दिवस नुसते जिना चढून यायचे आणि खुर्चीत बसून बघायचे. मग त्यांना कळलं की या कामात नावांचे नियम आहेत. टॅगच्या नावाची सुरुवात आकड्याने करायची नाही. नावात मोकळी जागा सोडायची नाही. मोठं अक्षर आणि छोटं अक्षर म्हणजे दोन वेगळी नावं. जे शेवटी उघडलं ते आधी बंद करायचं. आप्पांचा चेहरा असा फुलला की त्यांना पुन्हा नोकरी लागली की काय असं वाटावं. बुटांच्या खोक्याचं झाकण घेऊन त्यावर त्यांनी सगळे नियम लाल पेनाने लिहिले आणि तो पुठ्ठा बरोबर बबिताच्या मशीनसमोर टांगला. पगार न घेता ते आमचे तपासनीस झाले. चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बबिताने त्यांना मशीनवर एक शब्द शोधून सगळ्या फायलींत एकदम त्या जागी दुसरा कसा घालायचा तेही शिकवलं. त्याबद्दल तिला ते रोज एक पेरू द्यायचे.

पहिला लॉट गेला आणि पुण्याहून हसण्याचा फोन आला. झालं असं होतं की कोशात 'भाग' हा टॅग दोन कामांना वापरला होता. एक पुस्तकाचा भाग आणि एक जनावराच्या शरीराचा. मशीनला दोन्ही सारखेच. त्याने अनुक्रमणिका अशी काढली: भाग पहिला, भाग दुसरा, यकृत, भाग तिसरा, शेपटी.

मोहनरावांनी त्यावर नवा नियम पाठवला. पुस्तकाच्या टॅगांची यादी वेगळी, जनावराच्या टॅगांची वेगळी, आणि प्रत्येक टॅगच्या पुढे तो कोणत्या यादीतला आहे हे सांगणारं एक अक्षर. या प्रकाराला नेमस्पेस म्हणतात. मुलींना मी दोन दिवस समजावत होते, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आप्पा खुर्चीतून उठले.

"वडगाव एकच हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, लई हायेत," बबिता म्हणाली.

"मंग पत्र कोणत्या वडगावाला टाकायचं, ते कशावरनं कळतंय?"

"तालुक्यावरनं."

"झालं तर. ते पुढचं अक्षर म्हंजी तालुका. भाग दोनी हायेत, तालुका येगळा हाय."

मुलींना एका मिनिटात कळलं. मला रागच आला, पण खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला.

गडबड झाली ती पुढच्या गोष्टीत. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर ते अक्षर कोणत्या यादीचं ते लिहावं लागे, आणि यादीची ओळख म्हणून मोहनरावांनी एक लांबलचक ओळ दिली होती. ती दिसायला हुबेहूब इंटरनेटच्या पत्त्यासारखी. आप्पांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्याकडे आले.

"शिवा, हा पत्ता तपासला का कुनी?"

मी तेव्हा वीज गेल्याने उडालेली पानं पुन्हा टाईप करत होते. "आप्पा, दिलंय तसं ठेवा," म्हणाले. त्यांनी आणखी दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा तेच म्हणाले, दुसऱ्यांदा जरा वरच्या आवाजात. पाच मिनिटं काढून सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

यानंतरचं मला मागाहून कळलं. आमच्या माडीवर इंटरनेट नव्हतं. आप्पांनी तो पत्ता चिठ्ठीवर उतरवला, डोक्यावर टोपी घातली आणि एसटीने बीडला गेले. स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता. तिथल्या मालकाला चिठ्ठी दाखवून म्हणाले, "ह्या पत्त्यावर कोण राहतंय बघा बरं." मालकाने पत्ता टाकला. पान सापडत नाही, असं उत्तर आलं. आप्पा परत आले. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तेच उत्तर. त्यानंतर बाजारच्या दिवशी तिसऱ्यांदा गेले, कारण बाजाराला माणसं घरी परततात असा त्यांचा अनुभव. तिसऱ्यांदाही कोणी सापडलं नाही. मग त्यांनी खिशातून मोहनरावांचं कार्ड काढलं. त्यावर त्यांच्या कंपनीचा इंटरनेटचा पत्ता होता. तो टाकला तर फोटोसकट पान उघडलं. आप्पांची खात्री पटली की खरा पत्ता हाच, आधीचा कुणीतरी चुकून लिहिला आहे.

रविवारी माडीवर कोणी नसताना ते बबिताच्या मशीनवर बसले, कारण त्यांना तेवढंच मशीन चालवता येई. सहाशे चाळीस फायली तयार होत्या. बबिताने शिकवल्याप्रमाणे त्यांनी जुना पत्ता शोधून सगळीकडे नवा घातला. चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही. पाकिटावरचा पिनकोड सुधारल्यावर आपण कुठे सांगत बसतो?

फायली मी शनिवारीच तपासल्या होत्या, त्यामुळे सोमवारी सीडी केली आणि पुण्याच्या एसटीने पाठवून दिली. आप्पा त्याच दिवशी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेले.

बुधवारी मोहनरावांचा फोन आला. या वेळी हसणं नव्हतं. त्यांनी माल न तपासता पुढे प्रकाशकाकडे पाठवला होता आणि तिकडच्या मशीनने त्यातला एकही टॅग ओळखला नव्हता. अक्षरं जागच्या जागी, टॅग जागच्या जागी, पण माथ्यावरची ओळख बदललेली. म्हणजे मशीनच्या लेखी ही कुठलीतरी तिसरीच यादी, जी त्याने कधी पाहिलेली नाही. सगळा लॉट परत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल शेवटी कोणत्या मशीनवर बदलली एवढीच नोंद राहायची. तिथे सगळीकडे आमचं तीन नंबरचं मशीन होतं.

"तीन नंबरला कोण बसतं?"

"बबिता."

"तिला काढा. ती असेपर्यंत काम पाठवणार नाही."

मी बबिताला विचारलं. ती म्हणाली, "ताई, म्या न्हाई केलं." मी म्हणाले, मशीन खोटं बोलतं का? मी नको ते बोलले. मेंढ्या हाकण्याइतकं हे सोपं नाही, असंही बोलले. हे वाक्य आज लिहितानाही मला माझी लाज वाटते. तिने डबा उचलला, चप्पल घातली, जाताना पुठ्ठ्याकडे एकदा पाहिलं आणि गेली. दिवाळी बारा दिवसांवर होती.

गुरुवारी आप्पा परळीहून आले. प्रसाद हातावर ठेवताना त्यांनी विचारलं, बबिता कुठाय? मी झालेलं सांगितलं. माथ्यावरचा पत्ता कुणीतरी बदलला, असं मी म्हणाले, तर ते सहज म्हणाले, "तो व्हय? तो म्या दुरुस्त केला. तीन खेपा घातल्या बीडला. तिथं कुनी राहतच न्हाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती. मग जे पाच मिनिटांत सांगायला हवं होतं ते त्या दिवशी सांगितलं. आप्पा, त्या पत्त्यावर कुणी राहायलाच नको. तिथे कुणी जात नाही, मशीनही जात नाही. ते फक्त नाव आहे. जगात दुसऱ्या कुणाच्या यादीचं नाव तसंच निघू नये म्हणून इतकं लांब लिहितात. ते बदललं की यादीची ओळखच बदलली.

आप्पांनी खिशातून ती चिठ्ठी काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले, "जायचं न्हाई तर पत्त्यासारखं कावून लिव्हतेत?"

तेव्हापासून मी हा प्रश्न बऱ्याच शिकलेल्या लोकांना विचारला आहे. धड कारण अजून कुणी सांगितलेलं नाही.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"तलवाड्याला. चूक म्या केली, सांगायचं बी म्याच."

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार होती. सुग्रीव घोंगड्या झटकून वाळत घालत होते. बबिता कोकरांना पाला टाकत होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली, पण पुढे आली नाही. आप्पांनी पायताण काढून ठेवलं, देवळात काढतात तसं, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. मी त्यांना आई गेली तेव्हाच असं पाहिलं होतं.

बबिता म्हणाली, "आप्पा, ते तुमीच केलं असनार, हे मला ठाव होतं."

"मंग बोलली कावून न्हाई?"

"ताईनं ऐकलं असतं का?"

मग बबिता आप्पांकडे वळून म्हणाली, "अन् तुमचं अक्षर मला लई आधीपासून वळखू येतंय."

मग तिने सांगितलं. आदल्या वर्षी, आप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात, बारावीची परीक्षा झाल्यावर तिने नर्सिंगचा अर्ज केला होता आणि घरच्यांबरोबर मेंढ्यांमागे गेली होती. मे महिन्यात मुलाखतीचं पत्र आलं. घराला कुलूप. जूनमध्ये परत आल्यावर ती नर्सिंग कॉलेजात चौकशीला गेली, तर तिथल्या बाईंनी परत आलेलं पाकीट काढून दाखवलं. त्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं: तीन वेळा गेलो, घर बंद, येथे कोणी राहत नाही. जागा भरून गेल्या होत्या. पुढे आमच्या माडीवर कामाला आली आणि समोर नियमांचा पुठ्ठा टांगला गेला, तेव्हा तिने ते अक्षर पाहता क्षणी ओळखलं. चार महिने त्या अक्षराकडे बघत तिने काम केलं, आप्पांना मशीन शिकवलं आणि त्यांचे पेरू खाल्ले.

"तुमी नेम पाळला," ती म्हणाली. "समद्या वस्तीला कुलपं. तुमी तरी काय करनार?"

सुग्रीवांना हे नवीनच होतं. ते रागावले नाहीत, बुचकळ्यात पडले. "राहत न्हाई म्हंजी? घर तर आमचंच हाय की."

"पर तुमी तिथं नसता," आप्पा म्हणाले. "मंग तुमाला हुडकायचं कसं?"

सुग्रीवांनी जवळची एक मेंढी धरली आणि तिचे कान पुढे केले. उजव्या कानाला दोन खाचा, डाव्याला एक भोक. "हे बघा. बारा घरच्या मेंढ्या एका रानात बसल्या तरी कुनीबी सांगतंय, ही सुग्रीवाची. मी कुठं हाय, त्याचं खुनेला काय करायचंय? कुनाची हाय तेवढं कळलं, बास झालं."

आप्पांनी त्या कानावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "शिवा, त्या फायलीच्या माथ्यावरचं असंच हाय का?"

"असंच आहे, आप्पा," मी म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी मोहनरावांना रजिस्टर पत्र टाकलं, पोचपावतीसह. मी ते वाचलं होतं. 'सदर पत्ता मी तीन वेळा तपासला व कोणी न सापडल्याने बदलला. चूक सर्वस्वी माझी आहे. तीन नंबरवर बसणारी मुलगी त्या रविवारी कामावर नव्हती. मी पगारी नसल्याने मला काढता येणार नाही, तरी यापुढे मी मशीनला हात लावणार नाही.' खाली सही आणि पूर्ण पत्ता, पिनकोडसह.

जुना पत्ता परत घालण्याचं काम बबितानेच केलं. मी माफी मागून तिला खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, "असू द्या ताई," पण चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलली, आणि ते योग्यच होतं. धनत्रयोदशीला मोहनरावांचा फोन आला. लॉट बरोबर होता, पत्रही मिळालं होतं. मुलीला ठेवा, म्हणाले, पण पक्कं आत्ता काही सांगत नाही, दोन-तीन लॉट बघतो. आणि आजोबांना मशीनपासून लांब ठेवा.

हे सुग्रीवांना सांगितलं तर ते म्हणाले, "बघतो म्हंजी पक्कं न्हवं." मेंढ्या निघायची वेळ झाली होती. त्यांनी एक जागा पाहून ठेवली होती, मुलगा बरोबरच्याच मेंढपाळांतला. शेवटी रतनबाईंनी मध्यस्थी केली आणि मुदत वाढली. शिमग्याला मुलाकडचे त्यांच्या तळावर येणार होते, सुपारी फोडायला. त्याआधी काम पक्कं झाल्याची खबर पोचली तर पोरगी इथेच राहील. खबर नाही आली तर सुग्रीव शब्द देऊन मोकळे होणार, आणि दिलेला शब्द ते मागे घेत नसत.

हिवाळाभर बबिता मान मोडून काम करत होती. आप्पा मशीनला शिवले नाहीत. ते कागदावर छापलेली पानं तपासायचे, खिडकीत बसून. फेब्रुवारीच्या शेवटी मोहनराव स्वतः आले. दिवसभर बबिताशेजारी बसले, प्रश्न विचारले, आणि निघताना वर्षाचं काम आणि तिच्या नावाने नेमणुकीचं पत्र देऊन गेले. शिमगा सतरा दिवसांवर होता.

आता खबर द्यायची कुठे? मेंढ्या गोदाकाठाने खाली उतरल्या होत्या एवढंच ठाऊक. फोनचा प्रश्नच नव्हता. बबिता स्वतः जायला निघाली, पण नवा लॉट आठवड्यात द्यायचा होता आणि पहिल्याच आठवड्यात गैरहजर राहिली तर नेमणूक धोक्यात. तिने एक पत्र लिहिलं, पाकिटात घातलं आणि आप्पांसमोर ठेवलं.

"आप्पा, हे आबाला पोचवता का?"

आप्पांनी सवयीने पाकीट उलटं करून पाहिलं. पत्ता नव्हता. वर 'सुग्रीव' एवढंच लिहिलेलं, आणि खाली मेंढीचे दोन कान काढलेले. उजव्याला दोन खाचा, डाव्याला भोक. लाल पेन त्यांच्या खिशातच होता. तो त्यांनी काढला नाही.

पहिल्या खेपेला ते तलवाड्यापासून नदीकाठाने पायी गेले. जो मेंढपाळ भेटेल त्याला पाकीट दाखवायचे. "ही खूण कुनाची?" लोक लगेच सांगायचे, सुग्रीवची, पण पुढे गेला म्हणायचे. दुसऱ्या खेपेला माजलगावकडे, तिथे मेंढ्यांचा खांडवा सापडला तो दुसऱ्याचाच. तिसऱ्या खेपेला दिंद्रुडच्या शिवारात त्यांना तळ सापडला, पण नुसता तळच. चुलीची राख, लेंड्या, आणि शेतकऱ्याने सांगितलं की परवाच उठले. कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं. आप्पा तापाने फणफणून घरी आले. एकसष्ट वर्षांचा माणूस.

तीन खेपा झाल्या होत्या. शिमगा दुसऱ्या दिवशी. बबिता आमच्या घरी येऊन बसली होती. मी म्हणाले, आप्पा, तुम्ही तुमचं केलंत, आता राहू द्या. सकाळी पूजा आटोपून बाहेर आले तर डोक्यावर टोपी, काखेला पिशवी.

"आप्पा, चौथी खेप घालणारा बिनडोक, असं तुम्हीच म्हणायचात," मी म्हणाले.

"मंग हाय मी बिनडोक," ते म्हणाले आणि निघाले.

दिंद्रुडच्या पुढे ज्वारी काढलेल्या एका रानात त्यांना मेंढ्या दिसल्या. पहिलीचा कान धरून पाहिला. दोन खाचा. तळावर घोंगडी अंथरलेली होती, मुलाकडचे चार जण बसले होते आणि मध्ये ताटलीत सुपारी ठेवलेली. आप्पा तसेच घामाघूम जाऊन उभे राहिले. "सुग्रीव कोण?" त्यांनी विचारलं. समोर बसलेल्या माणसाला ते चांगले ओळखत होते, पण टपाल देताना नाव विचारायचंच असतं. सुग्रीवांना वाचता येत नव्हतं, म्हणून आप्पांनीच सगळ्यांपुढे पत्र वाचलं.

'आबा, काम पक्कं झालं. कागदावर माझं नाव आहे. सुपारी फोडू नका. जूनमध्ये तुम्ही आलात की मी वस्तीवर येईन. बबिता.'

सुग्रीवांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग मुलाकडच्यांना हात जोडले आणि सुपारी ताटलीतून उचलून कनवटीला लावली. मुलाकडचे थोडे रुसले. चहा घेऊन गेले.

आप्पांनी पाकिटाच्या पाठीवर सुग्रीवांचा अंगठा घेतला. शाईचं पॅड नव्हतं, म्हणून तव्याची काजळी वापरली. ते रिकामं पाकीट त्यांनी गेवराईला परत आणलं आणि बबिताच्या हातात दिलं. तिने अंगठा पाहिला आणि ती रडली. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

त्यानंतर आप्पांनी खिशातून लाल पेन काढला, पाकीट तिच्याकडून परत घेतलं आणि अंगठ्याखाली लिहिलं: 'चौथी खेप. पोचलं.'